आवाज वाढला, पण ताकद किती? ‘एअर इंटेक’च्या क्रेझमागचा हिशेब

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे, त्यावरून रोडरोलर फिरवायचा, फोटो काढायचा. हे दृश्य आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. बुलेटचे फटाके चार दिवस थांबतात. पण सांगली जिल्ह्यात विटा, तासगाव, जत, कवठेमहांकाळ या भागात गेल्या काही वर्षांत आवाजाचा दुसरा धंदा वाढलाय. तो सायलेन्सरच्या टोकाला नाही, बॉनेटच्या आत आहे. त्यावर रोडरोलर फिरत नाही, कारण तो बाहेरून दिसतच नाही.

त्याचं नाव कोल्ड एअर इंटेक. गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘इंटेक’, ‘कोन फिल्टर’ किंवा नुसतंच ‘कोन’. कंपनीनं दिलेला एअर फिल्टरचा काळा डबा काढायचा आणि त्याच्या जागी जाड पाइप आणि शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा. अॅक्सिलेटर दाबला की बॉनेटखालून घोगरा आवाज येतो. टर्बो गाडी असेल तर पाय काढल्यावर ‘फुस्स’ असा सुस्कारा ऐकू येतो. यात्रेत, लग्नाच्या वरातीत, रात्री हायवेच्या धाब्यावर त्या फुस्सची मोठी किंमत आहे.

प्रश्न एवढाच, की त्या आवाजासाठी घरातून नेमकं काय जातंय? काही हजारांचा पाइप, की पुढे लाखाचं इंजिन?

गाड्या कुठल्या, पोरं कुठली

खऱ्या अर्थानं स्पोर्ट्स कार म्हणावी अशी गाडी तालुक्यात शोधावी लागेल. पण स्पोर्टी म्हणून घेतलेल्या गाड्या गावोगाव आहेत. फोक्सवॅगन पोलो जीटी हे त्यातलं ठळक उदाहरण. २०१३ साली आलेल्या तिच्या टीएसआय मॉडेलमध्ये १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, ताकद १०५ पीएस. पुण्याजवळच्या चाकणला बनणारी ही पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली. तेव्हापासून जुन्या पोलोला वेगळाच भाव आला. नवी मिळत नाही म्हटल्यावर जुनी घ्यायची आणि तिच्यावर ‘काम’ करायचं, हा सरळ हिशेब झाला.

खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली हजारो कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. दिवाळीला, यात्रेला ती गावी येतात तेव्हा सोबत शहरातली गाडी आणि तिथली फॅशनही येते. गावातलं पोरगं ती गाडी बघतं, मोबाईलवर व्हिडिओ बघतं आणि उसाचं किंवा द्राक्षाचं बिल जमा झालं की वडिलांच्या मागं लागतं. यात पोराला नावं ठेवण्यासारखं काही नाही. गाडीचा नाद हा नादच असतो, बैलाचा असो नाहीतर इंजिनाचा. पण बैलाला काय खायला घालायचं हे घरात सगळ्यांना माहीत असतं. इंजिन काय खातं, हे फारसं कुणी सांगत नाही.

इंजिन खातं काय?

पेट्रोल इंजिन पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी जास्त खातं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. साधं दीड लिटरचं इंजिन मिनिटाला ६ हजार फेऱ्यांवर ओढलं तर ते एका मिनिटात जवळपास ४,५०० लिटर हवा आत घेतं. म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या साडेचार टाक्या, एका मिनिटात.

थंड हवा दाट असते. तेवढ्याच जागेत थंड हवेचं वजन जास्त भरतं, म्हणून तिच्यासोबत पेट्रोलही जास्त जाळता येतं. इंटेकमागचं शास्त्र एवढंच आहे, आणि ते खरं आहे. हवेचं तापमान १० अंशांनी उतरलं तर दाटपणा साधारण तीन टक्के वाढतो. शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीत सगळं मनासारखं जमलं तर फार फार तर तीन हॉर्सपॉवर, तेही इंजिन पूर्ण ओढलेलं असताना. गावातल्या रस्त्यावर गाडी तिथपर्यंत जातच नाही.

आणि इथंच मेख आहे. कंपनीचा काळा डबासुद्धा गरम हवा घेत नाही. त्याचं तोंड बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागं किंवा फेंडरच्या कडेला असतं, म्हणजे तो आधीपासून बाहेरचीच हवा घेतो. ‘कोल्ड एअर’ कंपनीनं दिलेलंच आहे, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. टर्बो गाडीत तर फरक आणखी कमी होतो, कारण टर्बोतून दाबलेली गरम हवा पुढे इंटरकूलरमध्ये परत थंड केली जाते.

उलट स्वस्तातला कोन नुसताच इंजिनाच्या खोलीत उघडा ठेवला तर? जतच्या उन्हात बाहेर ४० अंश असतील आणि गाडी गर्दीत उभी असेल तर बॉनेटखाली ६० अंश सहज होतात. ती हवा बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के हलकी. म्हणजे ताकद वाढवायला बसवलेल्या वस्तूनं ताकद कमी केली. आवाज मात्र वाढला, आणि आवाज वाढला की गाडी पळाल्यासारखी वाटते.

आवाज का वाढतो, याचं उत्तरही साधं आहे. कंपनीच्या डब्यात आणि नळीत हवेचा आवाज गिळायला पोकळ कप्पे ठेवलेले असतात. ते काढून टाकले की आधी दडपलेला आवाज मोकळा होतो. पोरगं विकत घेतं ते हेच. टर्बो गाडीत ताकद खरोखर वाढते ती कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलल्यावर, म्हणजे ‘रीमॅप’नं. म्हणूनच बरीच गॅरेजं दोन्ही एकत्र विकतात आणि नाव इंटेकचं होतं.

बसवायला तासभर, चुकायला एक क्लिप

काम अवघड नाही, आणि तेच फसवं आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, डब्याचे बोल्ट सोडायचे, नळीचे क्लॅम्प ढिले करायचे, डबा उचलायचा. काही गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर डब्याच्या तोंडाशीच असतो. तो काढून नव्या पाइपात बसवायचा, हवा वाहण्याच्या दिशेचा बाण बघून. इंजिनाकडून येणारी ब्रीदरची बारीक नळी नव्या पाइपाला जोडायची. उष्णता अडवणारा पत्रा लावायचा, क्लॅम्प आवळायचे, गाडी चालू करायची.

यातला एक क्लॅम्प जरी ढिला राहिला तरी सेन्सरनं न मोजलेली हवा आत शिरते. कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आहे, म्हणून तो पेट्रोल कमी सोडतो. मग गाडी झटके मारते, आयडलला थरथरते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. कापडी फिल्टर धुऊन त्याला तेल लावायचं असतं. ते जास्त झालं तर सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं आणि मापच चुकतं. अशा वेळी गॅरेजवर ऐकायला मिळतं, “काय होत नाय भावा, स्कॅनर लावून लाइट घालवतो.” दिवा घालवणं आणि बिघाड घालवणं यातला फरक गाडीवाल्याला तीन-चार महिन्यांनी कळतो.

वडिलांचा ट्रॅक्टर बघा

इंटेकच्या जाहिराती ज्या देशांत जन्मल्या तिथले रस्ते आणि आपले रस्ते यात फरक आहे, आणि तो फरक धुळीचा आहे. गाळप हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर, मुरमाचे पाणंद रस्ते, वीटभट्ट्या, अर्धवट राहिलेली रस्त्यांची कामं. ही धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. ती सिलिंडरमध्ये गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत पॉलिश पेपरसारखी घासते. मग इंजिन ऑइल पितं, निळा धूर सोडतं आणि शेवटी बोअरचं काम निघतं.

कंपनीचा कागदी फिल्टर बारीक धूळ अडवायला बनवलेला असतो. थोडा मळल्यावर तर तो आणखी बारीक धूळ धरतो. हवा सढळ जाऊ देणारा फिल्टर सहसा ही किंमत मोजूनच सढळ होतो. चांगल्या कंपनीचा, वेळेवर धुतलेला, मापात तेल दिलेला कापडी फिल्टर बऱ्यापैकी काम करतो. पण बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो बिननावाचा, स्पंजचा किंवा जाळीचा स्वस्त कोन. त्याची गाळण्याची क्षमता किती, हे डब्यावर छापलेलं नसतं.

याचं उत्तर घराच्या अंगणातच उभं आहे. जुन्या ट्रॅक्टरची हवेची नळी बॉनेटच्या वर का काढलेली असते? तिच्या डोक्यावर धूळ साठवणारी वाटी का असते? खाली फिल्टरमध्ये तेल का भरलेलं असतं? कारण धूळ जमिनीजवळ जास्त असते आणि ती आत गेली तर इंजिन संपतं, हे ट्रॅक्टर बनवणाऱ्याला माहीत होतं. नांगरट करून आल्यावर वडील ती वाटी काढून झटकतात. त्याच अंगणात मुलगा कारचा डबा काढून अडगळीत टाकतो.

वर ठेवला तर उष्णता, खाली ठेवला तर पाणी

जाणकार गॅरेजवाले सांगतात, गरम हवा टाळायची तर पाइप लांब घ्या आणि फिल्टर खाली बंपरमागं किंवा चाकाच्या कोनाड्याजवळ ठेवा. तिथं हवा खरंच थंड असते. पण तिथंच पाणी असतं.

२०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-वारणेच्या पुरानं काय केलं हे जिल्ह्यानं पाहिलंय. मोठा पूर सोडा, येरळा, अग्रणी, माणगंगा आणि ओढ्यांवरचे फरशी पूल एका जोरदार पावसात पाण्याखाली जातात. कंपनीच्या डब्याचं तोंड मुद्दाम उंच ठेवलेलं असतं. बंपरमागचा कोन मात्र गुडघाभर पाण्यातच बुडतो, आणि चालू इंजिन पाणी ओढून घेतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो ब्लॉकही फोडून बाहेर येतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. मिनिटाभरात होणारं हे नुकसान लाखाच्या घरात जाऊ शकतं.

त्यानंतर विमा. साध्या पॅकेज पॉलिसीत अशा इंजिन नुकसानीला सहसा संरक्षण नसतं, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’चं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घेतलेलं असलं तरी सर्व्हेअर बॉनेट उघडतो तेव्हा त्याला कंपनीचा डबा दिसत नाही. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर क्लेम अडकायला तेवढं कारण पुरतं. वॉरंटीचंही तसंच. बाहेरचा भाग बसवल्यामुळे झालेलं नुकसान कार कंपन्या सहसा भरून देत नाहीत.

कायदा आहे, पण धूसर आहे

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीनं मुळात ठरवलेला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या, म्हणजे बाहेरचा भाग बसवणाऱ्यासुद्धा, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स जातं.

आता एअर फिल्टर यात कुठं बसतो? आरसी बुकात रंग, इंजिन नंबर, सीसी, सीट असतात. एअर फिल्टरचा रकाना नसतो. केंद्रीय नियमावलीत सायलेन्सरसाठी वेगळा नियम आहे, १२० क्रमांकाचा. पीयूसी केंद्रावर गाडी उभी ठेवून नळकांड्यातला धूर तपासतात, आवाज तपासत नाहीत आणि बॉनेटही उघडत नाहीत. मग रस्त्यावर पोलिसानं कशाच्या आधारानं ठरवायचं? व्यवहारात सगळं त्याच्या कानावर आणि मनावर जातं. एका नाक्यावर गाडी सुटते, दुसऱ्या नाक्यावर पावती फाटते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. १८२अ मधला तो ५ हजारांचा दंड मालकाच्या नावावर आहे. वस्तू विकली कुणी, बसवली कुणी, ‘आरटीओला चालतं’ असं सांगितलं कुणी, हे नाक्यावर कुणी विचारत नाही. पावती पोराच्या नावावर, आणि पैसे वडिलांच्या खिशातून.

जिथं ही वस्तू जन्मली तिथं काय आहे?

मस्टँग, कॅमॅरोसारख्या गाड्यांवर इंटेक बसवायचा शौक अमेरिकेत फोफावला आणि त्यात कॅलिफोर्निया आघाडीवर. पण तिथं या वस्तूला मोकळं रान नाही. वाहन संहितेच्या कलम २७१५६ प्रमाणं प्रदूषण नियंत्रणावर परिणाम करणारा भाग बसवायचा तर राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाची सूट लागते. कंपनी आपला इंटेक चाचणीला देते, प्रदूषण वाढत नाही हे दाखवते आणि तिला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाचं स्टिकर बॉनेटखाली लावायचं. स्मॉग तपासणीला गाडी गेली की तपासणारा बॉनेट उघडून स्टिकर बघतो. क्रमांक आहे तर पास, नाही तर गाडी नापास. जर्मनीतही अशा सुट्या भागांना मान्यतेचं प्रमाणपत्र असतं आणि ते बघूनच गाडी रस्त्यावर चालते.

म्हणजे तिथं शौकाला बंदी नाही. कोणता भाग चालेल आणि कोणता नाही, हे विकत घेण्याआधी कळतं, एवढाच फरक आहे.

आपल्याला हे अगदी नवीन आहे असंही नाही. सीएनजी किटचं उदाहरण समोर आहे. मान्यताप्राप्त किट, त्याची चाचणी, अधिकृत फिटर आणि शेवटी आरटीओत आरसीवर नोंद. अशा चाचण्या करणारी ‘एआरएआय’ ही देशातली मोठी संस्था तर पुण्यातच आहे, १९६६ पासून. गॅसचं किट तपासून नोंदवता येतं, तर हवेचा पाइपही येईल. ते होत नाही तोवर खरा-खोटा, चांगला-वाईट सगळा माल एकाच दोरीला लटकत राहणार.

तोवर काय?

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घरातल्या घरात करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. आवाजासाठी इंटेक घेत असाल तर आवाजासाठी घेतोय हे आधी मान्य करा, मायलेज आणि पिकअपच्या गोष्टींवर जाऊ नका. घेणारच असाल तर बंद डब्याचा, कंपनीच्याच हवेच्या तोंडाला जोडणारा घ्या. पाइप खाली बंपरमागं नेणारा आपल्या पावसाला चालत नाही. मूळ डबा भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. बिल घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. धुळीच्या हंगामात फिल्टर महिन्याला उघडून बघा. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. इंजिनाचा घात बऱ्याचदा त्या दुसऱ्या स्टार्टरनंच होतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही आता टायर आणि रंगावर थांबू नये. बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा कंपनीचा आहे का बघावं, आणि त्यानंतरच्या नळीच्या आत बोट फिरवावं. बोटाला धूळ लागली तर ती गाडी कितीही चकाचक असली तरी इंजिनाचा सौदा वेगळा करायला हवा.

खरोखर वेगाचा नाद असेल त्यालाही जागा आहेत. कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. कोइम्बतूर आणि चेन्नईजवळ मोठे रेस ट्रॅक आहेत. तिथं हेल्मेट असतं, मार्शल असतात आणि समोरून उसाची ट्रॉली येत नाही.

आरटीओ आणि पोलिसांनाही सायलेन्सरवर रोडरोलर फिरवून थांबता येणार नाही. तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांना एकदा बोलावून कोणता बदल चालतो, कोणता नाही, याची यादी मराठीत त्यांच्या भिंतीवर लावली तर निम्मं काम होईल. ही यादी आज ना गॅरेजवर आहे, ना नाक्यावर. ती नाही तोवर पोरगं विश्वास ठेवणार तो गॅरेजवाल्याच्या “काय होत नाय”वरच. आणि काय होतं ते कळणार बोअरचं बिल हातात पडल्यावर, वडिलांना.